मध्यहंगामी यांत्रिक सुधारणा आणि चालकांची तुलना : फॉर्म्युला मोटारशर्यतींच्या अनुरोधाने एक विवेचन

वाळूज किंवा शेंद्रा येथील वाहन-कारखान्यात उत्पादन चालू असताना एखाद्या सुट्या भागाच्या रचनेत बदल करावयाचे ठरले, म्हणजे तो बदल कोणत्या क्रमांकाच्या गाडीपासून लागू होईल याची नोंद ठेवावी लागते. जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत जुनी रचना व तदनंतर नवी, असा क्रम सहसा राखला जातो. परिणामी एकाच नावाच्या व एकाच रंगाच्या दोन गाड्या आतून भिन्न असू शकतात. ग्राहकास ही भिन्नता कळत नाही, आणि कळली तरी तिचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीत मात्र हाच प्रश्न हंगामात वारंवार उभा राहतो, आणि तेथे प्रत्येक संघाच्या गाड्या असतात अवघ्या दोन. नवा भाग एकच तयार झाला असेल तर तो कोणत्या गाडीस लावावा? प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा आहे. परंतु त्या दोन गाड्यांत बसलेले दोघे चालक परस्परांचे प्रतिस्पर्धीही असतात, आणि त्यांची योग्यता परस्परांशी तुलना करूनच ठरविली जाते. या तुलनेचा पाया मध्यहंगामी सुधारणांमुळे कसा ढळतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फॉर्म्युला वनचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरापर्यंत चालतो. २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी २४ शर्यती झाल्या. अजिंक्यपदे दोन असतात, एक चालकाचे व दुसरे गाडी बनविणाऱ्या संघाचे. प्रत्येक संघ आपल्या गाडीचा सांगाडा व बाह्यरचना स्वतः सिद्ध करतो, त्यामुळे चालकाच्या गुणांत यंत्राचा वाटा किती व माणसाचा किती हे निकालावरून सांगता येत नाही. त्यातून मार्चमध्ये शर्यतीस उतरलेली गाडी डिसेंबरात तीच राहत नाही. पुढचा व मागचा पंख, गाडीचा तळ, बाजूंची आवरणे हे भाग हंगामात अनेकदा बदलले जातात. यांतील बहुतेक बदलांचा हेतू एकच असतो : गाडीवरून व विशेषतः तिच्या तळाखालून वाहणाऱ्या हवेने गाडी रस्त्यावर अधिक घट्ट दाबून धरावी, म्हणजे वळणावर वेग कमी करावा लागू नये. एका फेरीत सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची बचत झाली तरी पाचव्या रांगेतील गाडी दुसऱ्या रांगेत येऊ शकते.

हे बदल किती करावेत यास पूर्वी पैशाखेरीज दुसरी मर्यादा नव्हती. २००९ पासून हंगामात मुक्तपणे चाचण्या घेण्यास बंदी झाली, आणि तेव्हापासून प्रत्यक्ष शर्यतीपूर्वीचा शुक्रवारचा सराव हीच बहुधा नव्या भागाची पहिली कसोटी ठरली. २०२१ मध्ये वार्षिक खर्चावर १४ कोटी ५० लक्ष डॉलरची मर्यादा आली. चालकांची वेतने तीतून वगळलेली होती. त्या पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुल संघास ७० लक्ष डॉलरचा दंड झाला व त्याच्या वायुगतिकीय चाचण्यांत दहा टक्के कपात करण्यात आली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास याहून रोचक वाटेल अशी तरतूद वातबोगद्याच्या वापरासंबंधीची आहे. गाडीची साठ टक्क्यांहून मोठी प्रतिकृती बोगद्यात ठेवता येत नाही व हवेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या पुढे नेता येत नाही. शिवाय २०२२ पासून जो संघ क्रमवारीत पहिला त्यास ठरीव प्रमाणाच्या ७० टक्केच चाचण्या मिळू लागल्या. पुढे प्रत्येक स्थानास पाच टक्के वाढत जाऊन दहाव्या संघास ११५ टक्के. हे प्रमाण वर्षारंभी गतवर्षीच्या क्रमवारीवरून ठरते आणि जूनअखेर चालू वर्षाच्या क्रमवारीवरून पुन्हा मोजले जाते. श्रीमंतावर चढता कर बसवावा, तसाच हा प्रकार. मात्र येथे कर पैशावर नसून ज्ञानार्जनाच्या संधीवर आहे.

सुधारणा या शब्दाने दिशाभूल होऊ नये. बोगद्यातील आकडा व रस्त्यावरील वर्तन यांचा मेळ दरवेळी बसतोच असे नाही. २०२४ च्या जूनमध्ये फेरारी संघाने बार्सिलोना येथे नवा तळ आणला. त्याने वेगवान वळणांवर गाडी उसळू लागली. पुढे सिल्व्हरस्टोनच्या सरावात जुन्या व नव्या रचनेची तुलना करून संघाने जुनी रचनाच पुन्हा स्वीकारली, आणि दोष दूर होऊन गाडी सावरेपर्यंत उन्हाळा सरला. सप्टेंबरारंभी मोंझा येथे शार्ल लक्लेर जिंकला तो त्यानंतरच. त्या वर्षी संघाचे अजिंक्यपद मॅक्लारेनला ६६६ गुणांनी मिळाले व फेरारीस ६५२ गुण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे फसलेल्या सुधारणेची किंमत सहज लक्षात येते.

आता तुलनेकडे वळू. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर दोन वाणांची परीक्षा घ्यावयाची असते तेव्हा ती शेजारच्या वाफ्यांत, एकाच मातीत, एकाच पावसात घेतली जाते. मोटारशर्यतीत अशी शेजारच्या वाफ्यांसारखी जोडी एकच असते, ती म्हणजे एका संघातील दोन चालक. त्यांची गाडी एक, अभियंते एका छताखालचे, रस्ता व हवामानही एकच. यामुळेच चालकाने प्रथम आपल्या सहचालकास हरवावे, मग जगास, असा या क्षेत्रातील रूढ समज आहे, आणि तो अयथार्थ नाही. दुसऱ्या संघातील चालकाकडून झालेला पराभव गाडीच्या नावे टाकता येतो. सहचालकाकडून झालेला तसा टाकता येत नाही. सहचालकांतील वैर इतके तीव्र का होते, याचे स्पष्टीकरण स्वभावापेक्षा या मापनपद्धतीत अधिक सापडते.

परंतु वाफे सारखे राहिले नाहीत तर? २०२३ च्या जुलैत ऑस्ट्रिया येथे मॅक्लारेनने मोठी सुधारणा आणली, ती केवळ लँडो नॉरिस याच्या गाडीस. नॉरिस चौथा आला. जुन्या रचनेच्या गाडीत बसलेला ऑस्कर पियास्ट्री सोळावा. एका आठवड्याने सिल्व्हरस्टोन येथे नव्या भागांपैकी बहुतेक पियास्ट्रीसही मिळाले, तेव्हा नॉरिस दुसरा व पियास्ट्री चौथा आला. पहिल्या शर्यतीवरून दोघांची तुलना करणाऱ्याने काय निष्कर्ष काढला असता, हे सांगावयास नको. पुढील वर्षी मायामी येथेही संपूर्ण संच नॉरिसला व अर्धामुर्धा पियास्ट्रीला मिळाला, आणि नॉरिसने आपल्या ११० व्या शर्यतीत पहिला विजय मिळविला. त्या विजयात सुरक्षा-गाडी योग्य क्षणी रस्त्यावर आल्याचाही वाटा होता. म्हणजे सुधारणा, चालक व दैव अशी तीन कारणे एकाच आकड्यात मिसळली गेली.

वरील दोन उदाहरणांत विषमता तात्पुरती होती व तिचे कारण उत्पादनाच्या गतीत होते. २०१० साली सिल्व्हरस्टोन येथे घडलेली घटना निराळ्या जातीची आहे. रेड बुल संघाने नव्या रचनेचे दोन पुढचे पंख आणले होते, सेबास्टियन फेटल व मार्क वेबर यांना एकेक. शनिवारच्या सकाळी सरावात फेटलचा पंख निखळला. संघाने वेबरच्या गाडीचा पंख काढून फेटलच्या गाडीस लावला व वेबरला जुना दिला. गुणतक्त्यात फेटल पुढे आहे, हे कारण देण्यात आले. आणि ते खरेही होते, फेटलचे ११५ व वेबरचे १०३ गुण होते. रविवारी वेबरने पहिल्याच वळणावर फेटलला मागे टाकले. फेटलचे चाक पंक्चर होऊन तो मागे पडला व अखेर सातवा आला. वेबर जिंकला, आणि दुय्यम चालकाच्या मानाने ही कामगिरी वाईट नाही, अशा अर्थाचे त्याचे बोचरे उद्गार नभोवाणीवरून सर्वत्र ऐकू गेले. त्या हंगामात फेटल २५६ गुणांनी अजिंक्य झाला, वेबर २४२ गुणांवर तिसरा राहिला.

संघाचा निर्णय अन्यायाचा होता असे एकाएकी म्हणता येत नाही. एकच पंख असेल तर तो कोणाला तरी द्यावाच लागणार. तथापि येथे एक तर्कदोष उघड दिसतो : ज्याचे गुण अधिक त्यास उत्तम भाग, आणि ज्यास उत्तम भाग त्याचे गुण अधिक. कारण व कार्य परस्परांस पोसू लागले, म्हणजे गुणतक्ता हे योग्यतेचे माप राहत नाही.

उलटपक्षी समता राखण्यासही मोल पडते. २००७ मध्ये मॅक्लारेनकडे फर्नांडो अलोन्सो हा दोन वेळचा अजिंक्य चालक व लुईस हॅमिल्टन हा नवखा असे दोघे तुल्यबल चालक होते. दोघांचा दुरावा इतका वाढला, की हंगेरीत पात्रता-फेरीच्या वेळी अलोन्सोने चाके बदलण्याच्या जागी गाडी थांबवून धरली व हॅमिल्टनची अखेरची फेरी हुकविली. हंगामाअखेर दोघांचे गुण प्रत्येकी १०९ झाले आणि अजिंक्यपद फेरारीच्या किमी रायकोनेनने ११० गुणांनी नेले. २०२५ मध्ये याच संघापुढे हाच पेच पुन्हा आला. ऑगस्टअखेर झांडफोर्टच्या शर्यतीनंतर पियास्ट्री ३०९ गुणांवर, नॉरिस २७५ वर आणि रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापन २०५ वर होता. तिसऱ्यास कोणी हिशेबात धरीत नव्हते. पुढच्याच मोंझा येथील शर्यतीस रेड बुलने नवा तळ आणला, आणि व्हर्स्टापनने तेथून झपाट्याने विजय मिळविण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबरात लास व्हेगास येथे तळाखालची फळी प्रमाणाहून अधिक झिजल्यामुळे मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद ठरल्या, त्याचीही त्यास मदत झाली. शेवटी नॉरिसचे ४२३, व्हर्स्टापनचे ४२१ व पियास्ट्रीचे ४१० गुण झाले.

मोंझातील एक तपशील येथे मुद्दाम नोंदविण्यासारखा आहे. चाके बदलताना संघाच्या चुकीने नॉरिसला विलंब झाला व पियास्ट्री त्याच्यापुढे निघून गेला. समतेच्या धोरणानुसार संघाने पियास्ट्रीला दुसरे स्थान परत देण्यास सांगितले व त्याने ते दिले. दुसऱ्या स्थानास १८ गुण असतात, तिसऱ्यास १५. अदलाबदल झाली नसती आणि इतर सारे तसेच राहिले असते, तर नॉरिसचे ४२० गुण झाले असते व अजिंक्यपद एका गुणाने व्हर्स्टापनकडे गेले असते. इतर सारे तसेच राहिले असते, हे गृहीत अर्थातच मोठे आहे. परंतु ज्या निर्णयाची अनेकांनी टवाळी केली तो केवळ शिष्टाचाराचा नव्हता, एवढे या वजाबाकीवरून दिसते.

यावर एक उपाय सुचतो : सर्वांना सारखी गाडी द्यावी व सुधारणांस बंदी करावी. फॉर्म्युला टू ही दुय्यम श्रेणी याच तत्त्वावर उभी आहे. तेथे सांगाडा एकाच कारखान्याचा, इंजिन एकाच प्रकारचे व टायर एकाच कंपनीचे असतात. संघास केवळ जुळवाजुळव करता येते. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये या श्रेणीत कार्लिन संघाकडून उतरला. सहचालक होता जपानचा युकी त्सुनोदा. डिसेंबर २०२० मध्ये बहरीन येथे अखेरची शर्यत जिंकून दारूवाला हा या श्रेणीत शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. परंतु हंगामाअखेर त्सुनोदा २०० गुणांनी तिसरा होता, दारूवाला ७२ गुणांनी बारावा. फॉर्म्युला वनच्या परवान्यास लागणारे ४० अर्हता-गुण या श्रेणीतील पहिल्या तिघांना पूर्ण मिळतात, पहिल्या दहांच्या बाहेर काहीच मिळत नाही. त्सुनोदा दुसऱ्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. दारूवाला २०२३ पर्यंत फॉर्म्युला टूमध्येच राहिला व तेथून विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई या मालिकेकडे वळला. मधल्या काळात, २०२२ मध्ये, सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची आदल्या वर्षीची गाडी चालविण्याची संधी तेवढी त्यास लाभली. सारख्या गाडीतील ही तुलना फॉर्म्युला वनमधील कोणत्याही तुलनेहून स्वच्छ आहे, हे मान्य करावे लागते. ती संपूर्ण स्वच्छ मात्र नव्हे. प्रत्येक चालकाचा अभियंता वेगळा असतो, आणि एका वर्षाचा नमुना लहान असतो.

फॉर्म्युला ईमध्ये मधला मार्ग स्वीकारलेला आहे, आणि त्याचा उत्तम दाखला महाराष्ट्राशी निगडित आहे. मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाचा संघ २०१४ च्या पहिल्या हंगामापासून या मालिकेत आहे. येथे सांगाडा व बॅटरी सर्वांची एक; विद्युत् मोटर, तिचे नियंत्रक व मागील यंत्रणा ज्याची त्याची. परंतु ही यंत्रणा एकदा मंजूर झाली, की दोन हंगाम गोठविली जाते. पुढे बदल करावयाचा तो मुख्यतः संगणकीय आज्ञावलीत. २०२३ च्या जानेवारीत मेक्सिको येथे महिंद्राच्या लुकास दि ग्रासी याने आघाडीचे स्थान पटकावून तिसरा क्रमांक मिळविला. फेब्रुवारीच्या ११ तारखेस हैदराबाद येथे भारतातील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली. तीत ऑलिव्हर रोलंड सहावा आला. अवघ्या दोन आठवड्यांनी केप टाउन येथे मागील निलंबन-यंत्रणेच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्याने महिंद्राने आपल्या दोन्ही गाड्या मागे घेतल्या, आणि तीच यंत्रणा विकत घेतलेल्या अन्य संघाच्या दोन गाड्याही. सुरक्षिततेचा दोष निवारून संघ मार्चमध्ये साओ पाउलोस परतला. तथापि यंत्रणेची मूळ दुर्बलता गोठलेल्या रचनेसह पुढच्या हंगामातही संघास वागवावी लागली. नवी यंत्रणा आणण्याची मुभा २०२४-२५ मध्ये मिळाली, आणि त्या वर्षी महिंद्रा संघक्रमवारीत चौथा आला.

रोलंडने २०२३ चा हंगाम अर्ध्यावर असतानाच महिंद्रा संघ सोडला होता. तोच रोलंड निसान संघाकडून २०२४-२५ चा अजिंक्य चालक झाला. दोन वर्षांत मनुष्य इतका पालटला असे मानण्यापेक्षा गाडी पालटली असे मानणे अधिक सयुक्तिक होय. आणि महिंद्राच्या आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्यांनी त्या गोठलेल्या काळात केलेले परिश्रम कोणत्याही गुणतक्त्यात उतरले नाहीत, हेही विसरता कामा नये. सुधारणांवरील बंदी विषमता नाहीशी करीत नाही, ती विषमता तिच्या पहिल्या दिवशीच्या रूपात टिकवून ठेवते. म्हणूनच कदाचित २०२६ च्या नव्या फॉर्म्युला वन नियमांत, ज्या निर्मात्याचे इंजिन ठरावीक प्रमाणाहून मागे पडेल त्यास हंगामातच सुधारणेची अधिक सवलत देण्याची तरतूद करण्यात आली.

त्सुनोदाचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप पुरते उलगडत नाही. २०२० मध्ये सारख्या गाडीच्या कसोटीस उतरलेला हा चालक एप्रिल २०२५ मध्ये रेड बुल संघात व्हर्स्टापनचा सहचालक झाला. मे महिन्यात इमोला येथे पात्रता-फेरीत त्याच्या गाडीस जबर अपघात झाला. नंतरच्या शर्यतींत त्याच्या गाडीचे भाग व्हर्स्टापनच्या भागांहून मागील रचनेचे होते. जुलैत स्पा येथे नवा तळ त्यास ऐन पात्रता-फेरीच्या तोंडावर मिळाला व तो सातव्या स्थानी आला. मोंझातील तळ मात्र पुन्हा प्रथम व्हर्स्टापनच्याच गाडीस लागला. वर्षाअखेर व्हर्स्टापनचे ४२१ व त्सुनोदाचे ३३ गुण होते, आणि त्या ३३ पैकी तीन आधीच्या संघातील. २ डिसेंबर २०२५ रोजी त्याची जागा इसाक हाजार यास दिल्याचे जाहीर झाले. ३८८ गुणांचे हे अंतर केवळ एका तळाने पडले असे कोणी म्हणणार नाही. अद्ययावत भाग असतानाही तो व्हर्स्टापनच्या जवळ पोहोचत नव्हता. परंतु त्या अंतरापैकी किती वाटा माणसाचा, याचे उत्तर संघाच्या कागदपत्रांबाहेर कोणापाशी नाही.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एक साधन उपलब्ध आहे. २०२२ पासून प्रत्येक शर्यतीपूर्वी संघांनी आपल्या गाडीतील नव्या भागांची यादी, प्रत्येक भागाच्या हेतूसह, नियामक संस्थेकडे द्यावयाची असते व ती प्रसिद्ध केली जाते. ही यादी व पात्रता-फेरीतील सहचालकांच्या वेळांमधील फरक शेजारी शेजारी मांडले, तर कोणत्या शर्यतींतील तुलना ग्राह्य व कोणत्यांतील अग्राह्य याची निदान ढोबळ वर्गवारी करता येईल. नवा भाग दोन्ही गाड्यांस लागला की एकीसच, हे त्या यादीवरून दरवेळी कळतेच असे नाही. तेथे सरावाच्या वेळची छायाचित्रे ताडून पाहावी लागतात.